जिवंत माणसाच्या फोटोला हार

ज्या हुतात्म्याच्या फोटोवर मी कितीतरी दिवस काम करत होते, ते हुतात्मे माझ्यासमोर बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

 मी तशी फार बोलत नाही. हातात चहाची कपबशी होती, ती मी खाली ठेवली. समोरचे आजोबा पंच्याहत्तरीच्या आसपासचे असतील. केस पांढरे, गाल बसलेले, डोळ्यांना जाड चष्मा. पण त्यांच्या उजव्या कानाची पाळी खालून दुभंगलेली होती. ती फट मला पाठ होती. तिची लांबी, तिचा तिरकेपणा, तिच्या कडेची छोटीशी गाठ, सगळं.

"घ्या की शेंगा," हुतात्मे म्हणाले. "घरच्या हायत."

माझं काम काय आहे ते आधी सांगते. मी पुण्यातल्या एका लहान डिझाइन स्टुडिओत नोकरी करते. आम्ही म्युझियम आणि प्रदर्शनं उभी करतो. माझ्याकडे जुने फोटो असतात. वाळवी लागलेले, ओल आलेले, चिकटपट्टीने जोडलेले फोटो मी स्कॅन करते, कॉम्प्युटरवर दुरुस्त करते, भिंतीएवढे मोठे करून देते आणि त्यांच्याखालची कॅप्शन लिहिते. कॅप्शन म्हणजे फोटोखालच्या दोन-चार ओळी. लोक फोटो नीट बघत नाहीत, पण कॅप्शन वाचतात.

या वेळचं काम धाराशिव जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाचं होतं. परंड्याच्या बाजूला आहे. नाव देत नाही. आता तिथे नगरपंचायत आहे, त्यामुळे त्याला गाव म्हटलेलं तिथल्या लोकांना आवडत नाही. नगरपंचायतीने जुन्या कचेरीच्या दोन खोल्यांत गावाच्या इतिहासाचं दालन करायचं ठरवलं होतं. उद्घाटन मुक्तिसंग्राम दिनाला, सतरा सप्टेंबरला.

मुक्तिसंग्राम दिन मराठवाड्याबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो. मलाही शाळेत कुणी शिकवलेला नव्हता. देश स्वतंत्र झाला तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि पुढचं वर्षभर तसाच राहिला. या गावापासून जवळच निजामाची हद्द संपायची. पलीकडे बार्शी, म्हणजे स्वतंत्र भारत. हद्दीवर निजामाचा जकात नाका होता. रामलिंग नावाचा या गावचा एक तरुण पलीकडून निरोप घेऊन यायचा. एका पहाटे नाक्यापाशी त्याला गोळी लागली. हुतात्मा रामलिंग चौक, हुतात्मा रामलिंग वाचनालय, हुतात्मा रामलिंग रसवंती. गावात शिरलं की हेच नाव.

आणि त्यांचा एकच फोटो. शाळेत, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लावलेला. गांधी टोपी, काळा कोट, सरळ नजर, बावीस-तेवीस वर्षांचा देखणा माणूस. दालनाची मुख्य भिंत या फोटोची होती. सहा फूट उंच.

मी तो स्कॅन केला तेव्हा खूश झाले होते. त्या काळच्या फोटोत सहसा इतकं काही शिल्लक नसतं. इथे भुवयांचे केससुद्धा मोजता येत होते. अडचण फक्त उजव्या कानापाशी होती. पाळीवर एक काळी रेघ होती. ती फोटोला गेलेली चीर असेल तर मी पुसायला हवी होती. माणसाच्या कानालाच असेल तर पुसणं म्हणजे चेहरा बदलणं. हे ओळखायची एक साधी पद्धत आहे. फोटो खूप मोठा केला की बारीक वाळूसारखे कण दिसतात. कागदाला चीर गेली असेल तर कण तिथे तुटतात. रेघ मूळ चित्रातलीच असेल तर कण तिच्यावरूनही सलग जातात. इथे ते सलग होते. म्हणजे कान फाटलेला होता. मी रेघ तशीच ठेवली.

मग कुटुंबाची माहिती हवी होती. नगरपंचायतीतल्या क्लार्कने पत्ता सांगितला. "हुतात्म्यांचे पुतणे हायत, बब्रुवान तात्या. शाळंत शिपाई व्हते. भेटा की." सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

आणि आता मी तात्यांच्या अंगणात बसले होते.

वय झालं की चेहरा बदलतो. कानाची ठेवण फारशी बदलत नाही. आमच्या कामात दोन फोटोंतला माणूस एकच आहे का हे बघताना आम्ही आधी कान बघतो. तरीही मी स्वतःला म्हणाले, घराण्यात कान सारखे असू शकतात. पण फाटलेली पाळी घराण्यात येत नाही.

मी टॅबलेट काढला. फोटो उघडला आणि त्यांच्यासमोर धरला. 

तात्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि मोठ्याने हसले. "लई झ्याक काढलाय की! डाग बी न्हाय एक."

"हे..." मी म्हणाले.

"म्याच हाय."

आतून त्यांची बायको आली. प्रयागबाई. उंच, कडक, हिरव्या नऊवारीतली. टॅबलेटवर काय आहे ते न बघताच ती पुढे आली आणि तिने तो माझ्या हातातच पालथा केला. वर पदर टाकला.

"घरात नगं ते," ती म्हणाली.

"अगं, त्यास्नी काय म्हाईत," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "त्याचं काय झालं बगा, चुलत्याचा फोटूच नव्हता. गरिबाला कुठला फोटू? मरायच्या आदी फोटू काढून ठिवावा असं काय त्यास्नी वाटलं नसंल."

ते सांगत गेले. मी ऐकत होते. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळेत कार्यक्रम करायचा ठरला. हुतात्म्याचा फोटो हवा. फोटो नाही. तेव्हाचे मुख्याध्यापक घरी आले. तात्या तेव्हा नुकतेच शाळेत शिपाई म्हणून लागले होते. सगळं गाव म्हणायचं, पोरगं चुलत्याच्या तोंडवळ्याचं आहे. मुख्याध्यापकांनी स्वतःचा कोट दिला, स्वतःची टोपी दिली आणि बार्शीला स्टुडिओत नेऊन बसवलं.

"फोटूवाला म्हनला, कान नीट करतो, पेन्शिलीनं. बारका असताना वासरानं बाळी वडली व्हती माझी, तवाचा हाय ह्यो कान. तर आई म्हनली, नगं. सगळं रामलिंगाचं करा, कान माज्या लेकराचा ऱ्हाऊ द्या. मला वळकू आला पायजे."

"मग?"

"मग काय. फोटू आला, लावला, हार घातला. म्या गर्दीत हुबा. सगळे पाया पडले, म्या बी पडलो. माझ्याच पाया!" ते पुन्हा हसले. "फुडं नोकरीभर त्या फोटूवरची धूळ म्याच पुसली. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सुकलेला हार बी म्याच काढायचो. वळखीचे अजून हाक मारत्यात, काय हुतात्मे, चा घेणार का?"

मला हसू येत नव्हतं. आपल्याकडे फोटोला हार कधी घालतात हे लहान मुलालाही कळतं. मला इंग्रजी शाळेत कुणी हे शिकवलं नव्हतं, तरी कळत होतं. जिवंत माणसाच्या फोटोला चुकून फूल लागलं तरी आई ते झटकन काढते. इथे एका गावाने एका जिवंत माणसाच्या फोटोला पन्नासहून जास्त वर्षं हार घातला होता. बँडसह.

"ह्यास्नी हासू येतंय," प्रयागबाई म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली होती. "हळदीचं अंग व्हतं माझं. लग्नाला वरीस बी न्हाय. अन् शेजारची येऊन सांगती, तुज्या नवऱ्याच्या फोटूला हार घातलाय, बग जा. म्या गेले न्हाय. आजपस्तोर शाळंची पायरी चढले न्हाय. पोरांच्या निकालाला बी ह्येच जायचे."

"आजी, तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? सासू म्हनली, माज्या दिराला तोंड मिळालं, गप बस. गप बसले. पर एक केलं."

तिने जे केलं ते असं. दर वर्षी मुक्तिसंग्राम दिनाला, गावात झेंडा लागायच्या आधी, ती तात्यांना आंघोळ घालून पाटावर बसवते, कपाळाला कुंकू लावते आणि घरच्या झेंडूचा हार त्यांच्या गळ्यात घालते. "फोटूच्या आदी माणसाला पडला पायजे. मग त्यो हार सत्काराचा हुतो. मेलेल्याचा न्हाय. तवर ह्यास्नी शाळंत सोडत न्हाय म्या."

तात्या शेंगा फोडायचे थांबले होते. "उशीर झाला म्हणून हेडमास्तरच्या शिव्या खाल्ल्यात त्यापायी," ते हळूच म्हणाले.

"पर आता काय करू?" ती मला म्हणाली. "त्यो क्लार्क सांगून गेला. फोटू माणसापरीस मोठा करणार. अन् चंदनाचा हार आणलाय म्हनं. कायमचा. वर्सातनं एक दिस व्हता तवर म्या निभावलं. रोजचा हार कसा निभावू? दिवाळीच्या आदी ह्यांचं काळजाचं आपरेशन हाय, सोलापूरला." तिने पदर हातात घट्ट धरला होता. "तुमी काढलाय न्हवं फोटू मोठा? तुमीच बारका करा. काढून टाका."

"अगं, काकाला तोंड न्हाय," तात्या म्हणाले. "माझं वापरलं तर काय झिजलं?"

"तुमी गप ऱ्हावा."

मी म्हणाले, बघते. 

गाडीत बसून मी पुण्याला माझ्या बॉसला फोन लावला. अदिती मॅम. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू शुअर आहेस?"

"मॅम, त्यांनी मला शेंगा दिल्या."

"ओके. मग कॅप्शनमध्ये रिप्रेझेंटेशनल इमेज टाक. प्रातिनिधिक चित्र. आणि पुढे जा."

"हार राहीलच ना मॅम."

"हार आपल्या स्कोपमध्ये नाही."

हे खरं होतं. स्कोप म्हणजे करारात जेवढं लिहिलंय तेवढं काम. पण करारात एक साइन-ऑफही होता. प्रत्येक फोटो कुठून आला, कुणाचा, कधीचा, हे तपासलं आहे अशी सही कंटेंट बघणाऱ्या व्यक्तीने करायची असते. वस्तूचा असा मागोवा घेतल्याशिवाय ती भिंतीवर जात नाही. कंटेंट मी बघत होते. मी मॅमना म्हटलं, या फोटोवर हुतात्मा रामलिंग असं लिहिलं तर मी सही करणार नाही.

"मग क्लायंटशी तू बोल," मॅम म्हणाल्या. त्यांना माहीत आहे की क्लायंटशी बोलणं मला सगळ्यात अवघड जातं.

क्लायंट म्हणजे नगराध्यक्ष. साठीच्या आतले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. खुर्चीमागे त्यांचा स्वतःचा मोठा रंगीत फोटो, हात जोडलेला. माझ्या मनात होतं की हे ऐकून त्यांना धक्का बसेल. वाक्यं मी घोकून गेले होते.

"अण्णा, हुतात्म्यांचा फोटो हुतात्म्यांचा नाही. तो बब्रुवान तात्यांचा आहे."

अण्णा फोनवर काहीतरी टाइप करत होते. "व्हय की."

मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. पुन्हा सांगितलं.

"म्याडम, ऐकलं. तुमाला आज कळालं व्हय?"

"तुम्हाला माहिती आहे?"

"आख्ख्या गावाला म्हाईत हाय. म्हंजी जुन्या लोकान्ला. नव्या पोरान्ला न्हाय, त्यास्नी काय करायचंय? शाळंत व्हतो तवा तात्यानंच घंटी वाजवायची अन् तात्यालाच आमी हार घालायचा." तेही हसले. या गोष्टीवर हसायचं असतं हे बहुतेक फक्त मला ठाऊक नव्हतं.

"मग तुम्ही हार कसा घालता?"

"तात्याला कुठं घालतो? रामलिंगाला घालतो. फोटू कुणाचा का असंना."

"मग तसं लिहूया कॅप्शनमध्ये. फोटो पुतण्याचा आहे म्हणून."

अण्णांनी फोन खाली ठेवला. "तसं लिहू नका."

"का?"

"लिवल्यावर हार घालता येईल का, म्याडम? जित्या माणसाच्या फोटूला?"

 त्यांनाही आपण काय बोललो ते ऐकू गेलं असावं. कारण ते एकदम खुर्चीत सरकून बसले.

"तुमी कमी बोलता म्हणून बरं वाटत व्हतं," ते म्हणाले. "पावणे बोलावून झालेत. चंदनाचा हार म्हैसूरहून मागवलाय. भिंत रिकामी ठिवायची न्हाय. अन् नसतं काय लिवायचं न्हाय. या आता."

मी परत तात्यांच्या घरी गेले. जाणं भाग होतं, बघते म्हणाले होते. तात्या दवाखान्यात तपासणीला गेले होते. प्रयागबाईला सांगितलं की अण्णा नाही म्हणाले. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "अण्णा हापिसात कवा असतो?"

"सकाळी. उद्या मीही प्रूफ घेऊन जाणार आहे." प्रूफ म्हणजे अंतिम छपाईच्या आधीचा नमुना.

"बरं," ती म्हणाली आणि परसात गेली.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या टेबलावर प्रूफ पसरत होते. एका प्रूफमध्ये फोटो होता आणि खरी कॅप्शन. दुसऱ्यात फोटो नव्हता, नुसतं नाव होतं. तिसरं त्यांना हवं होतं ते मी केलंच नव्हतं. क्लार्क चहा घेऊन आला होता. तेवढ्यात प्रयागबाई आत आली. हातात पिशवी. नमस्कार नाही, काही नाही. भिंतीजवळचं स्टूल तिने ओढलं, अण्णांच्या खुर्चीमागे नेलं आणि त्यावर चढली.

"आजी, पडशाल!" क्लार्क ओरडला.

तिने पिशवीतून झेंडूचा ताजा हार काढला. अण्णांच्या रंगीत फोटोच्या एका कोपऱ्यावर अडकवला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे हात नेला.

अण्णा ज्या वेगाने उठले तो वेग मी विसरणार नाही. खुर्ची मागे आपटली. चहा माझ्या प्रूफवर सांडला. "आजी! थांबा! काय करताव? अवो, घरी लेकरंबाळं हायत माझी!"

"कुणाच्या फोटूला घालती म्या?" वरून प्रयागबाईने शांतपणे विचारलं. "तुज्या फोटूला न्हाय, अण्णा. रामलिंगाला घालती. फोटू कुणाचा का असंना."

हे वाक्य तिला मी सांगितलेलं नव्हतं. अण्णा ते वर्षानुवर्षं सगळ्यांना म्हणत आले असणार.

अण्णांनी हार ओढून काढला. हातात धरून उभे राहिले. कुठे ठेवावा कळत नव्हतं. क्लार्कने शेवटी तो त्यांच्याकडून घेतला आणि तोही तसाच उभा राहिला. अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. एवढा मोठा माणूस एका झेंडूच्या हाराने इतका पांढरा पडलेला मी पहिल्यांदा बघत होते. मी स्वतः घाबरले होते. मला वाटत होतं, ती दुसरं टोकही अडकवेल आणि काहीतरी खरंच होईल. शिकल्या-सवरल्याचा तिथे काही उपयोग नव्हता.

"उतरा खाली," अण्णा म्हणाले. आवाज बसला होता. "म्याडम, काय लिवायचं ते लिवा."

प्रयागबाई उतरली, स्टूल जागेवर ठेवलं, हार क्लार्ककडून परत घेऊन पिशवीत टाकला आणि गेली.

कॅप्शन मी तात्यांना वाचून दाखवली. शेवटचं वाक्य मी "ते जिवंत आहेत" असं लिहिलं होतं. ते मलाही खटकत होतं, बातमीत अपघातातून वाचलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं. तात्या म्हणाले, "हयात लिवा. दरसाल पेन्शनसाठी बँकेत जाऊन म्या हयातीचा दाखला देतो. सप्टेंबरात गाव हार घालतं, नोव्हेंबरात म्या हयात हाय म्हणून सही करतो. बँकेनं कवा इच्यारलं न्हाय, नशीब."

तर भिंतीवर फोटोशेजारी रामलिंग हे नाव कोरलेली दगडी पाटी बसवली आणि फोटोखाली हे लिहिलं गेलं: "हुतात्मा रामलिंग यांचे छायाचित्र उपलब्ध नाही. त्यांच्यासारखे दिसणारे त्यांचे पुतणे बब्रुवान यांना स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात बसवून हा फोटो काढण्यात आला. श्री. बब्रुवान हयात आहेत."

मी सही केली.

उद्घाटनाच्या दिवशी खोल्या भरल्या होत्या. शाळेची मुलं, म्हातारी मंडळी, तरुण मंडळाची पोरं हुतात्म्याचं चित्र छापलेल्या टी-शर्टात. पाहुणे जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले. अण्णांनी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, बहुतेक धीर झाला नसावा. पाहुण्यांनी फीत कापली, तबकातला चंदनाचा हार उचलला आणि फोटोपुढे गेले. मग पाहुणे करतात तसं त्यांनी कॅप्शन मोठ्याने वाचायला घेतली. माइक समोर होता.

"...श्री. बब्रुवान हयात आहेत."

हार धरलेले हात तसेच राहिले.  मी म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांनाच जास्त धक्का बसला होता. चारचौघांत, माइकवर, हे कधीच उच्चारलं गेलं नव्हतं. एका आजोबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. सगळ्या माना हळूहळू मागे वळल्या, दाराकडे, जिथे तात्या उभे होते.

तरुण मंडळाचा अध्यक्ष पिंट्या माझ्या शेजारीच होता. त्याने बाही वर केलेली होती. दंडावर हुतात्म्याचा चेहरा गोंदवलेला. त्याने दंडाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, पुन्हा दंडाकडे. "तात्या," तो जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला, "हे तुमी हायसा?"

"व्हय," तात्या म्हणाले. "काढू नगंस रं आता. लई दुखंल."

आधी मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. त्या हसण्यातच अण्णांनी पाहुण्यांच्या हातातला हार घेतला आणि फोटोशेजारी, जिथे दगडी पाटीवर नुसतं रामलिंग हे नाव कोरलेलं होतं, तिथे घातला. पाटीवर चेहरा नव्हता. हार नीट बसला.

गर्दी ओसरल्यावर प्रयागबाई आत आली. इतका वेळ बाहेर ओट्यावर बसली होती. फोटोसमोर येऊन उभी राहिली. फोटो तिच्यापेक्षा उंच होता. तिने आधी सगळ्या कडा बघितल्या, कुठे फूल, दोरा काही आहे का. मग चेहऱ्याकडे बघितलं. मी थोडी मागे सरकले.

"असं दिसत व्हते व्हय?" ती म्हणाली.

मला वाटलं मलाच विचारते आहे. पण तिला उत्तर नको होतं.

"लग्नात मान वर करून कुठं बघितलं म्या. अन् ह्यो फोटू कवा बघितलाच न्हाय."  मग माझ्याकडे वळली. "एक बारका काढून द्याल का, घरी लावायला? कान तसाच ठिवा."

तात्यांचं ऑपरेशन झालं. ते घरी आले. नोव्हेंबरात बँकेत जाऊन सही करून आल्याचं त्यांनी मला फोन करून सांगितलं. प्रयागबाईचं म्हणणं, हार निघाला म्हणून निभावलं. अण्णांचं म्हणणं, इतकी वर्षं गावाने अमर रहे म्हटलं ते कुठेतरी लागू पडलंच असणार. डॉक्टरांचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

कामाच्या पद्धतीत मी एकच बदल केला. जुना फोटो हातात आला की आधी मी त्याचा कागद, कण, डाग बघायचे. आता मी आधी फोटो देणाऱ्याला विचारते, यातला माणूस हयात आहे का? बहुतेक लोक हसतात. काही जण मात्र उत्तर द्यायच्या आधी थांबतात. त्या फोटोंच्या वेळी मी सगळ्यात आधी त्यांच्या घरी जाते.